वारा समुद्रातला, तार कोणाच्या अंगणातून?

समाजकार्याचे शिक्षण घेत असताना, बारा-तेरा वर्षांपूर्वी, मी एका कोळीवाड्यात सर्वेक्षणाचे फॉर्म भरत हिंडत होते. पालघर जिल्हा तेव्हा झाला नव्हता, ते गाव ठाणे जिल्ह्यातच होते. फॉर्मवर रकाना होता 'कुटुंबप्रमुखाचा व्यवसाय' आणि त्याखाली 'पत्नीचा व्यवसाय'. एका घरात बाई ओट्यावर बसून बोंबील साफ करत होती. पहाटे तीनला उठून ती बंदरावर लिलावाला उभी राहायची, परत येऊन उरलेली मासळी वाळत घालायची, दुपारी पाटी डोक्यावर घेऊन बाजार गाठायची. नवरा दारात उभा राहून म्हणाला, "ती काही करत नाही, घरीच असते." मला अकराची एसटी पकडायची होती. मी 'गृहिणी' असे लिहिले आणि पुढच्या घराकडे वळले.

पुढे त्या गावातला किनाऱ्याचा एक पट्टा कुठल्याशा कामासाठी घेतला गेला आणि वाळवणाची जागा गेली. भरपाईच्या यादीत होडीवाल्यांची नावे होती. मासळी वाळवणाऱ्या बायांपैकी एकीचेही नव्हते. "तूच लिहिलंस ना गो, आम्ही काही करत नाही म्हणून?" असे तिने मला विचारले. यादी माझ्याच फॉर्मवरून झाली असे नाही. पण ज्यांनी ज्यांनी फॉर्म भरले त्या सगळ्यांनी ते माझ्यासारखेच भरले होते.

हे आज आठवायचे कारण समुद्रातल्या पवनचक्क्या. स्त्रियांच्या अंकात हा विषय कशाला, असे काही मैत्रिणींना वाटेल. मेगावॅट, उपकेंद्र, पारेषण हे इंजिनिअरांचे शब्द आहेत, आपण बलात्काराच्या खटल्यांचे आणि पोटगीचे बोलू, असे आपल्याच एका बैठकीत मी ऐकले आहे. धरणांच्या बाबतीतही सुरुवातीला हेच ऐकू यायचे. घनमीटर आणि टीएमसी हे इंजिनिअरांचेच शब्द होते, पण गाव बुडाल्यावर नव्या जागी पाणी भरायला दोन कोस कोण चालले?

आधी विषय सरळ सांगते. केंद्र सरकारने २०१५ साली समुद्रातल्या पवन ऊर्जेचे राष्ट्रीय धोरण जाहीर केले. गुजरात आणि तामिळनाडूच्या समोरचा समुद्र त्यासाठी निवडला गेला. खंभातच्या आखातात, किनाऱ्यापासून सुमारे तेवीस किलोमीटरवर, वारा मोजण्याचे यंत्र २०१७ मध्ये बसवले. पुढच्या वर्षी पिपावाव बंदरासमोरच्या समुद्रात एक हजार मेगावॅटच्या प्रकल्पासाठी कंपन्यांकडून स्वारस्य मागवले गेले. जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७,४५३ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. त्यातले ६,८५३ कोटी दोन्ही राज्यांसमोर पाचशे-पाचशे मेगावॅटचे प्रकल्प उभे करायला आणि ६०० कोटी दोन बंदरे सुधारायला. बेरीज करून पाहा, दोन रकमांत सगळे पैसे संपतात. किनाऱ्यावर जगणाऱ्या माणसांसाठी तिसरी रक्कम नाही.

पण वीज समुद्रात तयार होऊन भागत नाही, ती जमिनीवर आणावी लागते. माझा सारा आक्षेप या आणण्याच्या नियोजनाला आहे. पवनचक्क्यांची वीज समुद्रातच उभ्या केलेल्या एका उपकेंद्रात गोळा करतात, तिथून जाड केबल समुद्रतळात पुरून किनाऱ्याला आणतात. किनाऱ्यावर, वाळूखालून भोक पाडून किंवा चर खणून, ती जमिनीत घेतात. तिथे जमिनीखाली खोली बांधून समुद्रातली केबल जमिनीवरच्या केबलीला जोडतात आणि पुढे काही अंतरावर मोठे उपकेंद्र उभे राहते. त्यापुढे मनोरे आणि उघड्या तारा. पाचशे मेगावॅटसाठी साधारणपणे दोन केबली लागतात. २०३० पर्यंतच्या आराखड्यात केंद्रीय वीज प्राधिकरणाने, डिसेंबर २०२२ मध्ये, दोन्ही राज्यांसाठी पाच-पाच हजार मेगावॅट धरले होते आणि या दहा हजारांची वीज वाहून आणण्यासाठी २८ हजार कोटी रुपये. तेवढे सगळे झाले तर एकेका राज्याच्या किनाऱ्याला डझनभराहून अधिक केबली लागणार. किनाऱ्यावरच्या उपकेंद्रांच्या जागाही आराखड्यात लिहिलेल्या आहेत: गुजरातमध्ये महुवा, तामिळनाडूत तिरुनेलवेली जिल्ह्यातले आवरैकुळम.

म्हणजे पवनचक्की कोण उभारणार हे ठरायच्या आधी तार कुठे लागणार हे कागदावर आले. एका अर्थी हे बरेच आहे. जर्मनीत रिफगाट नावाचा पवनप्रकल्प २०१३ च्या उन्हाळ्यात उभा राहिला, पण किनाऱ्यापर्यंतची केबल अडली, कारण तिच्या वाटेत महायुद्धातला दारूगोळा समुद्रतळाशी पडलेला होता. तोवर यंत्रे गंजू नयेत म्हणून त्या पवनचक्क्या डिझेल जाळून फिरवाव्या लागल्या. तेव्हा तारेचा विचार आधी करावा, याबद्दल वाद नाही. माझा प्रश्न आहे की आधी विचार करणारे लोक किनारा कशाला म्हणतात.

नकाशावर किनारा ही एक रेघ असते. रेघेच्या अलीकडे गावठाण, शेत, मिठागर. पलीकडे समुद्र. रेघेवर काय चालते ते नकाशात दिसत नाही, म्हणून त्या जागेला 'मोकळा किनारा' म्हणतात. आता जाफराबादला जाऊन पाहा. पिपावावच्या शेजारचेच हे बंदर. तिथली मासेमारी मुख्यतः डोल जाळ्यांची, आणि डोलीत येतात ते मुख्यतः बोंबील. ओला बोंबील टिकत नाही, तो त्याच दिवशी वाळत घालावा लागतो. पावसाळा उलटला की बांबू रोवून, त्यांवर दोऱ्या ताणून, बोंबलाच्या जोड्या जबड्यात जबडा अडकवून टांगतात. हे काम बायांचे. साफ करणे, टांगणे, उलटणे, उतरवणे, जुड्या बांधणे, दव पडायच्या आत गोळा करणे, सगळे त्याच करतात. आपल्या वर्सोव्याला, अर्नाळ्याला, सातपाटीला हेच चालते, म्हणून मला हे चित्र नवे नाही. ज्याला नियोजनकार मोकळा किनारा म्हणतो तो या बायांचा कारखाना आहे. छप्पर नाही, पाटी नाही, म्हणून तो कोणाला कारखाना वाटत नाही.

केबल पुरायला एखादा हंगाम लागेल, मग वाळू पूर्ववत होईल, बायांनी तेवढा हंगाम थांबावे, असे सांगितले जाते. हंगाम म्हणजे काय, हे सांगणाऱ्याला माहीत आहे का? पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांचे आणि एकूण पावसाळ्याचे घर वाळवलेल्या मासळीच्या पैशांवर चालते. शाळेची फी, सावकाराचे व्याज, मुलीचे बाळंतपण, सगळे त्यातून. कोरडे आणि वाऱ्याचे महिने बांधकामालाही सोयीचे आणि बोंबील सुकवायलाही. दोघांना एकच ऋतू हवा आहे आणि त्यातल्या एकालाच आपला ऋतू टेबलावर मांडायला बोलावले आहे.

आता कायद्याचे पाहू. आपल्याकडे २००६ च्या पर्यावरण परिणाम अधिसूचनेत ज्या प्रकल्पांची यादी आहे तीत विजेच्या पारेषण वाहिन्या नाहीत. यादीत नाहीत म्हणजे जनसुनावणी नाही. धरण असो, बंदर असो, खाण असो, निदान एक मांडव घालून, पोलिसांच्या बंदोबस्तात का होईना, लोकांना बोलू द्यावे लागते. वाढवण बंदराच्या जनसुनावणीत जानेवारी २०२४ मध्ये कोळी आणि आदिवासी बाया बोलायला उभ्या राहिल्या, कारण उभे राहायला तो मांडव तरी होता. तारेला तोही नाही. किनारा नियमन क्षेत्राची परवानगी लागते, पण ती फाइल समितीपुढे जाते, गावापुढे येत नाही.

जमिनीवरच्या तारेचा कायदा तर आणखी जुना. २००३ च्या वीज कायद्याचे १६४ वे कलम वीजवाहिनी टाकणाऱ्याला १८८५ च्या तार कायद्यातले अधिकार देते. म्हणजे जमीन विकत घेण्याची गरज नाही, संपादन करण्याची गरज नाही. मनोरा शेतात उभा करायचा, नुकसान भरायचे आणि कोणी आडवे आले तर जिल्हा दंडाधिकाऱ्याकडून हुकूम आणायचा. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने तो इंग्रजी अमलातला कायदा मोडीत काढला, पण विजेच्या तारांसाठी त्याचा हवा तो भाग शिल्लक ठेवला. तारेने पाठवायचे निरोप बंद होऊन गेले, तारेचा हक्क मात्र उरला! केंद्राने जून २०२४ मध्ये भरपाईचे दर वाढवले, हे मान्य करायला हवे. मनोऱ्याच्या पायाखालच्या जमिनीला तिच्या मोलाच्या दुप्पट आणि तारांखालच्या पट्ट्याला तीस टक्के. पण ही भरपाई कोणाला? कागदावर ज्याची जमीन त्याला. महाराष्ट्रात सातबारावर बाईचे नाव यावे म्हणून शेतकरी संघटनेने १९९० च्या सुमारास लक्ष्मी मुक्तीची मोहीम चालवली, १९९४ मध्ये आपल्या राज्याने वारसा कायदा दुरुस्त केला, २००५ मध्ये देशाने केला. एवढे होऊनही तलाठ्याकडच्या कागदावर किती बाया सापडतात, हे तुम्ही तुमच्याच गावात मोजा. मनोऱ्याचा चेक घरात येतो तो पुरुषाच्या नावाने, आणि त्याच्या नावाने आलेले पैसे कुठे जातात ते मी या अंकाच्या वाचकांना सांगायला नको.

जमिनीला निदान कागद आहे. वाळूला तो नाही. किनाऱ्यावरची वाळू सरकारी. तिथे पिढ्यान्‌पिढ्या बांबू रोवणारी बाई कायद्याच्या भाषेत कोणीच नाही, फार तर अतिक्रमण करणारी. समुद्रात पुरुषांचे तसे नाही. डोल जाळ्यांच्या खुंटांच्या जागांना आपल्याकडे कव म्हणतात. कोणत्या गावाची कव कुठवर, यावरून वसई, उत्तन, सातपाटी, डहाणू अशा बंदरांत वर्षानुवर्षे भांडणे चालली आहेत आणि सरकारने बैठका घेऊन ती मिटवण्याचे प्रयत्न केले आहेत. म्हणजे पाण्यातल्या खुंटाला हक्क आहे, भांडण्याइतका तरी. वाळूतल्या खुंटासाठी कोणी बैठक बोलावल्याचे मी ऐकले नाही. समुद्रातले खुंट पुरुषांचे आणि वाळूतले बायांचे, एवढाच काय तो फरक.

आणखी एक वर्ग आहे, त्याची आठवण तर मच्छीमार संघटनांनाही क्वचित राहते. सौराष्ट्रातल्या होड्यांवर खलाशी म्हणून आपल्या डहाणू-तलासरीकडचे आदिवासी तरुण जातात. पाकिस्तानच्या तुरुंगात अडकलेल्या भारतीय मच्छीमारांच्या बातम्या येतात तेव्हा पालघर जिल्ह्यातली नावे त्यांत असतात, ती अशीच तिकडच्या होड्यांवर गेलेल्यांची. उचल घेऊन नवरा सात-आठ महिने समुद्रावर आणि बायको इकडे शेत, म्हातारे, पोरे सांभाळत. समजा, केबलीच्या पट्ट्यात नांगर टाकायला बंदी झाली, होडी बांधून ठेवावी लागली. भरपाई होडीमालकाला मिळेल. उचल फेडायची राहिली ती तलासरीच्या पाड्यावरच्या बाईकडे. तिच्यापर्यंत समुद्रातला प्रकल्प पोचतो, भरपाई मात्र वाटेत कुठेतरी उतरून जाते.

एवढे वाचून कोणी म्हणेल की बाईंना पवनचक्क्याच नकोत. तसे नाही. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ उना-दीवच्या दरम्यान जमिनीवर आले तेव्हा जाफराबादच्या होड्या एकमेकींवर आपटून फुटल्या. समुद्र तापतो आहे, वादळे वाढत आहेत, आणि त्याचा पहिला तडाखा किनाऱ्यावरच्या बाईलाच बसतो. कोळसा जाळणे थांबले पाहिजे असे मलाही वाटते. माझे भांडण आहे ते 'स्वच्छ' या शब्दाशी. वीज स्वच्छ असली की तिच्या वाटेतला अन्यायही धुऊन निघतो, अशी एक समजूत आपल्या पर्यावरणवादी मित्रांत रुजली आहे. अणुभट्टीविरुद्ध माडबनला आमच्यासोबत आलेले एक स्नेही पवनचक्क्यांच्या केबलीचा विषय काढल्यावर म्हणाले, "आता यालाही विरोध करणार का तुम्ही?" विरोध आणि विचारपूस यांतला फरक बायकांच्या तोंडून आला की पुरुषांना ऐकू येत नाही, हा जुनाच अनुभव.

ज्या देशांनी हे आधी केले त्यांच्याकडे पाहायचे तर ब्रिटनकडे पाहावे. तिथे कितीतरी वर्षे प्रत्येक पवनप्रकल्पाने आपली वेगळी केबल, वेगळा चर, वेगळे उपकेंद्र अशी पद्धत होती. पूर्व किनाऱ्यावरच्या नॉरफोक आणि सफोकमधली गावे एका कंपनीचे खणून होते न होते तोच दुसरीची नोटीस वाचत होती. नेक्टन नावाच्या गावाजवळ दोन प्रकल्पांची उपकेंद्रे शेजारी शेजारी येणार होती, पण परवानगी देताना दोघांचा एकत्र परिणाम पाहिलाच नाही, म्हणून फेब्रुवारी २०२१ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने एका प्रकल्पाची परवानगी रद्द केली. वर्षभराने पुन्हा विचार होऊन ती मिळाली, हेही खरे. पण मधल्या काळात सरकारला शहाणपण सुचले आणि जुलै २०२२ मध्ये सगळ्या प्रकल्पांच्या केबली एकत्र धरून आखलेला आराखडा बाहेर आला. नेदरलँड्समध्ये ही जोडणी एकाच सरकारी कंपनीकडे आहे आणि जागा सरकार ठरवते.

आपल्याकडेही समुद्रातली उपकेंद्रे आणि वीज आणण्याची व्यवस्था पॉवर ग्रिड या सरकारी कंपनीने उभारायची असे ठरले आहे. म्हणजे ब्रिटनची चूक आपण टाळू शकतो, आणि जाब कोणाला विचारायचा हेही स्पष्ट आहे. मात्र नेक्टनमध्ये न्यायालयात गेला तो जमीन, घर आणि वकिलाची फी असलेला समाज होता. महुव्याच्या किंवा आवरैकुळमच्या किनाऱ्यावरच्या बाईकडे यातले काय आहे? तेव्हा परदेशातला धडा उचलताना निम्माच उचलून चालणार नाही. केबली एकत्र आणाव्यात हे खरे, पण डझनभर केबली एकाच गावच्या वाळूतून आणल्या आणि त्या गावाला विचारले नाही, तर एकत्र नियोजन म्हणजे सगळा भार एकीच्याच डोक्यावर.

ऑगस्ट २०२५ मध्ये या प्रकल्पांच्या निविदा रद्द झाल्या. कंपन्यांचा प्रतिसाद पुरेसा नव्हता, हिशेब जमत नव्हता. यावर आपल्यातल्या काहींनी सुटकेचा श्वास टाकला, प्रकल्प लांबला म्हणून. मला उलट वाटते. निविदा निघून करार झाले की तारेची जागा बदलायला कोणी तयार होत नाही. मग 'आता फार उशीर झाला, आधी का नाही सांगितले?' असे विचारतात. आज नकाशा पेन्सिलीतला आहे. विजेची गरज संपलेली नाही, निविदा पुन्हा निघतील, आणि तोवरचा काळ हा बोलायचा काळ आहे.

बोलायला आधार आहे. २०११ च्या किनारा नियमन अधिसूचनेने स्थानिक नकाशांबद्दल जे सांगितले त्यात मच्छीमारांच्या सामाईक जागा आणि मासळी वाळवण्याच्या जागा भूमापनाच्या नकाशावर दाखवाव्यात असे स्पष्ट आहे. वाळवणाची जागा म्हणजे बायांच्या कामाची जागा. त्या ओळीचा अर्थ कोणी आपल्याला समजावून सांगितला नाही आणि आपणही विचारला नाही. तुमच्या गावाचा किनारा नकाशा मागवा. त्यावर वाळवणाची जागा दाखवली आहे का पाहा. नसेल, तर गावातल्या बायांनी मिळून ती स्वतः मोजावी. कोणाचे किती बांबू, कोणत्या महिन्यात, किती जणी मजुरीवर येतात, बाजार कुठला. मोजायला इंजिनिअर लागत नाही, दोरी आणि वही पुरते. मग तो कागद ग्रामसभेत ठरावाने मंजूर करून घ्यावा. महिलांची वेगळी सभा असेल तर आधी तिथे, म्हणजे नवऱ्यांच्या समोर 'ती काही करत नाही' ऐकावे लागणार नाही.

मागण्याही साध्या आहेत. केबल किनाऱ्याला कुठे लागावी हे ठरवण्याआधी त्या गावात, गावाच्या भाषेत, हंगाम सोडून, जनसुनावणी घ्यावी, कायद्याच्या यादीत असो वा नसो. भरपाईसाठी कुटुंबप्रमुख नव्हे तर काम करणारी व्यक्ती धरावी आणि वाळवणारी, सोलणारी, विकणारी, खलाशाच्या घरची, अशी प्रत्येकीची वेगळी नोंद व्हावी. पैसे तिच्या स्वतःच्या खात्यात जावेत. काम कोणत्या महिन्यात करायचे हे बायांच्या संमतीशिवाय ठरू नये. आणि उपकेंद्राच्या कुंपणाला लागून ज्यांची घरे आहेत त्यांच्या घरी आधी दिवा लागावा. ही शेवटची मागणी भावनेची वाटेल, पण मनोऱ्याखाली कंदील लावून अभ्यास करणारी पोरे मी पाहिली आहेत.

गुजराती येणाऱ्या मैत्रिणींची आम्हांला गरज आहे. महुवा, राजुला, जाफराबादकडच्या बायांच्या गटांशी ज्यांची ओळख असेल त्यांनी कळवावे. मोजणीच्या वहीचा मराठी नमुना आम्ही पालघरमधल्या दोन गावांत वापरून पाहतो आहोत. पहिल्याच दिवशी एका म्हातारीने माझ्या हातातली वही काढून घेतली आणि स्वतःच्या नावापुढचा रकाना मला वाचून दाखवायला लावला. 'बोंबील वाळवणे व विक्री, वर्षे पंचेचाळीस,' असे मी वाचले. तिने ते पुन्हा वाचायला लावले आणि मगच अंगठा दिला.